"हे खरंच असं झालं होतं काय?" ऐतिहासिक आणि युद्धाच्या सिनेमांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या आमच्या गल्लीच्या मंडळात शिवजयंतीच्या चित्ररथाचं स्क्रिप्ट आणि कपडेपट बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. त्यामुळं कुठला शिवकालीन नाहीतर फौजी सिनेमा लागला की पहिल्या शोनंतर माझा फोन सुरू. शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, कुठूनही फोन येतो आणि प्रश्न तेच तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवणार आणि चहा प्यायला मोकळा.

सिनेमा आहे हो, करमणूक म्हणून बघा की, चुका काय काढत बसालाय?

चुका काढणं हीच माझी करमणूक आहे, त्याला काय करणार. पण सगळ्या चुका सारख्या नसतात. २०२२ मध्ये एका शिवकालीन सिनेमाच्या टीझरमध्ये महाराजांच्या मागं झुंबर दिसलं आणि त्यात चक्क विजेचे बल्ब. महाराज गेले १६८० ला, एडिसनचा बल्ब १८७९ चा, मधे दोनशे वर्षं. दोन दिवस सगळ्या ग्रुपवर तेच मीम फिरत होतं, मी पण चार फॉरवर्ड केले. पण तो बल्ब बघून महाराजांच्या काळी करंट होता असं कोण मानणार नाही, शाळेतलं पोरगं पण हसतंय. त्या चुकीनं कुणाचं नुकसान नाही. नुकसान करते ती चूक ज्याच्यावर थिएटरात एक माणूस हसत नाही, उलट शिट्ट्या वाजतात. त्यातल्या काही खाली येतील.

"सत्य घटनेवर आधारित" आणि "सत्य घटनेवरून प्रेरित" यात फरक काय?

बघणाऱ्याला काही नाही. सुरुवातीला जी पाटी येते, की कलात्मक स्वातंत्र्य घेतलंय, कुणाच्या भावना दुखवायचा हेतू नाही वगैरे, ती कोर्टकचेरी टाळायला असते. ती पाटी किती सेकंद राहते मोजा, मोबाईल सायलेंटवर टाकेपर्यंत गेलेली असते.

पटकन चूक ओळखायची काही ट्रिक?

आहे. हिरोकडं बघू नका, त्याच्या मागच्या झाडाकडं बघा.

कपड्यांवर, दागिन्यांवर, टोपावर कुणीतरी अभ्यास केलेला असतो, पण माळरान जसं मिळेल तसं घेतात. एका वेब सिरीजमध्ये १६०० सालातली छावणी दाखवली होती आणि मागं सरळसोट निलगिरीची रांग, अगदी आपल्या खानापूर रोडला दिसते तशी. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, आपल्याकडं अठराव्या शतकाच्या शेवटी आली आणि एवढी लागवड तर त्याच्याही खूप नंतरची. गुलमोहर मादागास्करचा, तो एकोणिसाव्या शतकात आला, त्यामुळं मावळे लालबुंद गुलमोहराखाली भाकरी खात बसलेत हे दृश्य कितीही सुंदर असलं तरी बाद. टणटणी, म्हणजे घाणेरी, ती इंग्रजांनी बागेत लावायला आणली आणि मग ती कुणाचंच ऐकेना. आणि माझं आवडतं काँग्रेस गवत. पुण्यात ते पहिल्यांदा नजरेला आलं १९५० च्या दशकाच्या मध्याला. पांढऱ्या फुलांच्या त्या गवतातून घोडदळ दौडत येतंय, बॅकग्राउंडला तुतारी, आणि मी एकटा खुर्चीत हसालोय, बायको कोपरानं ढोसते.

मग काय दाखवायचं? वड, चिंच, बाभूळ, बोर, आपटा, करवंदीच्या जाळ्या. आपल्याकडं अजून ढिगानं आहेत, पैसे पण पडत नाहीत.

ताटात पण बघा. बटाटा आणि टोमॅटो शिवकाळातल्या सैनिकाच्या ताटात असला तर समजा कॅटरिंगवाल्यानं कथा वाचली नाही. मिरची चालते, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच गोव्यात आणली होती. तंबाखू तर बिनधास्त चालते. अकबराच्या दरबारात तंबाखू गेली ती विजापुरातून, असदबेग नावाचा त्याचा वकील विजापूरला आला होता, त्यानं नेली. निपाणीकरांनी कॉलर टाईट करायला हरकत नाही.

तलवार म्यानातून काढताना "शिंsssग" आवाज येतो का खरा?

नाही. म्यान लाकडाचं, वरून चामडं नाहीतर मखमल. लाकडातून लोखंड ओढल्यावर काय आवाज येणार, घरात सुरी लाकडी खोक्यातून काढून बघा. तो आवाज साउंडवाल्याचा.

वजनाचं पण तेच. हिरो तलवार अशी उचलतो जशी काय सिलिंडर. खरी तलवार साधारण किलो, सव्वा किलो, जास्त जड असेल तर माणूस दिवसभर लढणार कसा.

आणि तोफा? गोळा पडला की आगीचा डोंब उठतो तो?

पेट्रोल आहे ते. त्या काळचा बहुतेक गोळा म्हणजे भरीव लोखंड नाहीतर दगड, तो फुटत नाही, तो येऊन आदळतो, उडी मारतो, परत आदळतो आणि वाटेत जे येईल ते घेऊन जातो. फुटणारे गोळे होते, उखळी तोफांचे, पण प्रत्येक गोळ्याला दहा माणसं हवेत कोलांट्या मारतात असं नाही. सिनेमात जे कधीच दिसत नाही ते म्हणजे धूर. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती दारू, चार तोफा आणि शंभर बंदुका उडाल्या की पांढऱ्या धुरात पुढचं काही दिसत नाही. ते खरं दाखवलं तर पाच कोटी दिलेल्या हिरोचा चेहरा कुठनं दिसणार?

तोफ म्हणजे काय ते बघायचं असेल तर विजापूरला जाऊन मुलुख-ए-मैदान बघा. १५४९ ला अहमदनगरला ओतलेली, पन्नास टनांच्या वर वजन, पुढं विजापूरला आणून बुरुजावर चढवलेली. तिच्या शेजारी उभं राहून विचार करा, सिनेमात दोन माणसं असली तोफ ढकलत टेकडी चढतात.

बंदुकीचं थोडक्यात: शिवकाळात तोड्याची बंदूक, म्हणजे जळता काकडा हातात हवा. तो विझला, पाऊस आला, संपलं. एक बार काढून दुसरा ठासायला वेळ लागतो. हिरो एका बंदुकीनं ओळीनं पाच जण पाडत असेल तर बंदूक चुकीची आहे नाहीतर मरणारे फार समजूतदार आहेत.

पावसाळ्यात लढाया व्हायच्या का?

शक्यतो नाही. दसऱ्याला शिलंगण करून मोहिमा निघायच्या आणि पावसाळ्याला फौज छावणीत परत. पण अपवाद आहेत आणि सगळ्यात मोठा अपवाद सगळ्यांना पाठ आहे, पन्हाळ्याहून विशाळगडाकडं, जुलै १६६०, धो धो पाऊस. म्हणून पाऊस दिसला की लगेच "चूक चूक" ओरडू नका.

प्रतापराव गुजरांबरोबरचे ते सहा जण कोण?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण नेसरी आपल्या अंगणातच आहे, गडहिंग्लजकडं जाताना कितीतरी जण त्या स्मारकापाशी थांबलेले असतात.

पक्कं काय ते आधी. १६७३ ला उमराणीला महाराजांचे सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापरावांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडीत पकडलं आणि सोडून दिलं. महाराज चिडले. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि पडले. जूनमध्ये राज्याभिषेक झाला, तो बघायला सरनौबत नव्हते. आता ते सहा. त्यांच्या नावांची जी यादी पाट्यांवर, पोस्टरवर आणि स्टेटसला फिरते ती त्या काळच्या कागदात सापडत नाही, नंतरची आहे. सात हा आकडा आपल्या डोक्यात इतका घट्ट बसला तो कुसुमाग्रजांच्या कवितेमुळं, आणि पुढं लता मंगेशकरांच्या आवाजामुळं.

मग सिनेमावाल्यानं सहा जणांना नावं, स्वभाव, आई, बायको, जात, गाव सगळं दिलं तर? मला विचाराल तर देऊ दे. सहा माणसं होती, त्यांना आया होत्याच की. रिकामी जागा भरायला लेखक असतो. फक्त सिनेमा उतरल्यावर त्याच पात्रांच्या नावानं चौकाला नाव द्या म्हणून निवेदनं निघतात तेव्हा डोकं धरावं लागतं.

बेळवडी मल्लम्माची गोष्ट खरी की कन्नड लोकांनी रचलेली? (किंवा उलट: मराठी लोकांनी लपवलेली?)

दोन्ही बाजूनं हा प्रश्न येतो आणि दोन्हीकडं आवाज चढलेला असतो. बसा, पाणी प्या.

बेळवडी बैलहोंगल तालुक्यात. दक्षिणेच्या मोहिमेवरून मराठी फौज परत येताना, १६७८ च्या सुमाराला, त्या गढीपाशी खटका उडाला आणि तिथल्या देसाईणीनं गढी लढवली. ही गोष्ट कन्नड लोककथेत आहेच, पण मराठी सभासद बखरीत पण आहे, फक्त तिथं तिचं नाव सावित्री. आणि इंग्रजांच्या राजापूरच्या वखारीतल्या पत्रातसुद्धा आहे, म्हणजे तिसराच माणूस, ज्याला आपल्या सीमावादाशी घेणंदेणं नाही, तो पण लिहितोय की एवढी राज्यं जिंकणाऱ्याला ही एक देसाईण आवरेना. पुढं असं पण सांगतात की सखुजी गायकवाड या मराठी सरदारानं गढी घेतल्यावर तिच्याशी वाईट वागणूक केली म्हणून महाराजांनी त्याला जबर शिक्षा केली. कन्नड कथेत तिचा मान राखून मुलूख परत दिला आणि तिनं महाराजांचं शिल्प करून घेतलं असं येतं, धारवाडजवळच्या यादवाडचं शिल्प त्या कथेशी जोडतात.

आता बघा, एकाच बाईची गोष्ट, तीन भाषांत, तीन माणसांनी सांगितलेली. मला तर यापेक्षा भारी पटकथा दिसत नाही. पण आमच्याकडं काय होतं, कन्नड नाटकात मराठे नुसते लुटारू होतात आणि मराठी चित्ररथात मल्लम्मा एका फ्रेमपुरती येऊन महाराजांना ओवाळते आणि जाते. तिनं गढी लढवली, सत्तावीस दिवस लढवली असं सांगतात, ते सत्तावीस दिवस दोघांनी गाळले. आमच्या मंडळात मी एकदा म्हटलं, तिला तलवारीसकट उभी करूया, महाराजांच्या समोर, ताठ. अर्धा तास भांडण. शेवटी ठरलं की तलवार खाली धरलेली पण म्यानात नाही. आमच्या चित्ररथाच्या इतिहासातली सगळ्यात अचूक गोष्ट ती असेल असं मला वाटतं.

कित्तूर चन्नम्मांवरच्या सिनेमा-नाटकांत काय चुकतं?

मी बघितलेल्या गॅदरिंगच्या नाटकांचं सांगतो. भिंतीवर व्हिक्टोरिया राणीचा फोटो. १८२४ ला व्हिक्टोरिया पाच वर्षांची होती, गादीवर चौथा जॉर्ज होता, आणि फोटो काढायचा कॅमेरा पण लोकांच्या हातात आलेला नव्हता. दुसरं, थॅकरे, म्हणजे धारवाडचा कंपनीचा कलेक्टर, येतो आणि म्हणतो, "डलहौसीसाहेबांचं खालसा धोरण आहे." डलहौसी गव्हर्नर जनरल झाला १८४८ ला. दत्तक नामंजूर करून संस्थान गिळायचा प्रकार कित्तूरला झाला हे खरंच, पण तो डलहौसीच्या चोवीस वर्षं आधी, त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन होता. उलट हे नीट सांगितलं तर गोष्ट आणखी मोठी होते, की झाशीच्या कितीतरी आधी बेळगाव जिल्ह्यातल्या एका बाईनं हा प्रश्न तलवारीनं विचारला होता.

ऑक्टोबर १८२४ ला थॅकरे मारला गेला आणि सिनेमा तिथं टाळ्यांवर संपतो. डिसेंबरात कंपनीनं मोठी फौज आणून किल्ला घेतला, चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत राहिल्या आणि १८२९ ला तिथंच गेल्या. ती चार वर्षं कुणी दाखवत नाही. कैदेतल्या बाईला ॲक्शन नाही ना. त्यांचा साथीदार संगोळ्ळी रायण्णा मात्र पूर्ण दाखवतात, नंदगडला २६ जानेवारी १८३१ ला फाशी.

आणि "ब्रिटिश सरकार" म्हणू नका, कंपनी सरकार म्हणा. राणीचं राज्य १८५८ पासून.

शिवकाळात लोक एवढं शुद्ध, संस्कृत मराठी बोलायचे?

अजिबात नाही. त्या काळची पत्रं वाचा, निम्मे शब्द फारसी. ते इतकं होतं म्हणूनच तर महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. कोश करावा लागला याचाच अर्थ लोक तसं बोलत नव्हते. सिनेमात मात्र साधा हुजऱ्या पण पल्लेदार भाषण ठोकतो.

आणि आपल्या भागात तर आणखी गंमत. विजापूरचा सरदार, मराठी देशमुख, कानडी देसाई यांच्यात बोलणी चाललीत आणि तिघं एकच सिनेमाची भाषा बोलतात. आज पण आमच्या खडेबाजारात माणूस भाव विचारतो कन्नडमध्ये, घासाघीस करतो मराठीत आणि भांडतो हिंदीत. तेव्हा वेगळं काय असणार? एकदा तरी कुणीतरी असा सीन करावा.

शत्रूपक्षातले सगळे एका धर्माचे आणि आपल्याकडचे सगळे दुसऱ्या धर्माचे, असं होतं?

ही ती शिट्ट्यावाली चूक. शहाजीराजांना १६४८ ला जिंजीजवळ पकडलं ते मुधोळच्या बाजी घोरपड्यानं, आदिलशाहीकडून. पुरंदरचा तह करायला लावणारा मिर्झाराजा जयसिंग. सिंहगडावर तानाजींसमोर उभा उदयभान राठोड. इकडं महाराजांच्या आरमारात दौलतखान, पायदळाच्या वरच्या हुद्द्यावर नूरखान बेग, पत्रव्यवहाराला काझी हैदर. हे सगळं शाळेच्या पुस्तकाबाहेरचं गुपित नाही. पण सिनेमात कॅमेरा एका बाजूला गेला की फिल्टर हिरवट-काळा, मांस तोडून खाणारी माणसं आणि घुमणारं म्युझिक. दुसऱ्या बाजूला सोनेरी ऊन.

त्यानं काय होतं? महाराजांचं राजकारणच गायब होतं. कुणाला फोडायचं, कुणाशी तह करायचा, नात्यातल्या माणसाविरुद्ध कधी जायचं, हे सगळं अवघड काम त्यांनी केलं आणि सिनेमा म्हणतो, सोपं होतं, ते वाईट होते आम्ही चांगले होतो.

बखर खरी मानायची की इंग्रजांची पत्रं?

कोण, कधी, कुणासाठी लिहितोय ते बघा. सभासद १६९७ ला जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहितोय, महाराजांना बघितलेला माणूस, पण मालकाच्या वडलांबद्दल लिहितोय. चिटणीस बखर त्याच्यानंतर शंभर वर्षांहून जास्त. इंग्रज वखारवाला धंद्याच्या काळजीनं लिहितोय आणि बरंचसं ऐकीव. बहुतेक सिनेमे सगळ्यात नंतरची बखर उचलतात कारण तिच्यात डायलॉग तयार असतात.

१९७१ च्या, कारगिलच्या सिनेमांचं काय? ते तर अलीकडचे, त्यात चुका कशा होतील?

बेळगावात हे सिनेमे बघणं धोक्याचं आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर इथं, त्यामुळं प्रत्येक रांगेत एक तरी रिटायर्ड माणूस बसलेला असतो. आमच्या शेजारच्या सुभेदार काकांना मी एकदा ७१ च्या लढाईचा सिनेमा बघायला नेलं. पंधराव्या मिनिटाला ते जोरात म्हणाले, "ही इन्सास कुठनं आली रे त्यांच्याकडं?" इन्सास रायफल आली नव्वदच्या दशकात, ७१ ला एसएलआर होती. त्यानंतर चितकबऱ्या युनिफॉर्मवर बोलले, ७१ ला साधा हिरवा होता. मग मिशांवर. मग सॅल्यूटवर. इंटरव्हलपर्यंत पुढच्या दोन रांगा सिनेमा सोडून काकांकडंच वळून बसल्या होत्या.

अशा बारीक गोष्टी बऱ्याच आहेत. ६२ च्या सीनमध्ये "नायब सुभेदार" म्हणत असतील तर तो हुद्दा तेव्हा जमादार होता, १९६५ ला नाव बदललं. ४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत कुणी म्हणालं "याला परमवीर चक्र मिळणार" तर ते पण चूक, ते चक्र सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला आणि मागच्या तारखेपासून दिलं.

पण काकांना बंदुकीपेक्षा राग दुसऱ्या गोष्टीचा आला. सिनेमात जवान मरताना दोन मिनिटं भाषण करतो. काका घरी जाताना रिक्षात एवढंच म्हणाले, "बोलत नाहीत रे. पाणी मागतात." त्यानंतर मी चित्ररथाच्या स्क्रिप्टमधून शेवटचं भाषण काढून टाकलंय, मंडळाचे अध्यक्ष अजून नाराज आहेत.

एक राहिलं. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी सैनिक होते, इटलीत मराठा पलटणींच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परदेशी युद्धपटांत इटलीची आघाडी येते तेव्हा ही माणसं कुठंच दिसत नाहीत. तिथं बल्बची चूक नाही, अख्खा माणूसच फ्रेमबाहेर.

चुकीचा सिनेमा बंद पाडावा का?

नाही. तिकीट काढू नका, पाहिजे तर.

तुमच्या चित्ररथात चुका होत नाहीत वाटतं?

होतात की. दोन वर्षांपूर्वी आमचा प्रतापराव एकदम तयार, शेला, ढाल, मिशी सगळं परफेक्ट, ट्रॅक्टर गल्लीतून बाहेर निघाला आणि बघतो तर पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, साईडला निळी पट्टी. मी खालून ओरडालोय, डीजेत कुणाला ऐकू येतंय. शेवटी पोरानं शूज काढून ट्रॉलीत फेकले आणि रात्रभर अनवाणी उभा, सकाळी मिरवणूक संपली तेव्हा जनरेटरच्या गरम पत्र्यानं तळपाय भाजून लाल. दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्या दारात. तिला काय सांगणार, इतिहासासाठी पाय भाजले म्हणून?

या वर्षी अथणीहून सात जोड करकर वाजणाऱ्या चपला आणल्यात. नंबर विचारून घेतले होते, तरी एका पोराला आखूड होतात, ती बदलून आणायला पुढच्या रविवारी कोण जाणार ते अजून ठरलेलं नाही.